नाकारलेली खोली

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला दोन वाक्यांत सांगितले. पडद्याचा मधला भाग झिजला आहे, कडा शाबूत आहेत. मी विचारले, उपाय काय. ते म्हणाले, आहे तेवढे टिकवणे. मला त्यांचे बोलणे आवडले. पाटबंधारे खात्यात नोकरी काढल्यावर माणसाला लांबलचक स्पष्टीकरणांचा कंटाळा येतो.

तेव्हापासून समोरच्या माणसाचे कान मला दिसतात, चेहरा दिसत नाही. पानाचा समास दिसतो, मजकूर दिसत नाही. रस्ता ओलांडता येतो, भाजी चिरता येते, दाढी करता येते. वाचता येत नाही.

पत्नी त्याआधीच गेली होती. मुलगा परदेशात असतो आणि रविवारी फोन करतो. सिडकोतले घर मी स्वतः उभे राहून बांधून घेतले आहे, त्यामुळे त्यात वावरण्यास दृष्टीची फारशी गरज लागत नाही. अडचण दुपारची होती. जेवण झाल्यावर चहापर्यंतचा वेळ मी निवृत्तीपासून वाचनात घालवीत आलो होतो. आता तो वेळ तसाच समोर उभा राहू लागला.

शेजारच्या सूनबाईंनी आपण होऊन विचारले, "काका, मी पेपर वाचून दाखवत जाऊ का?" मी हो म्हटले. ती चांगले वाचत असे. परंतु मधेच तिच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येई आणि तिचा वेग वाढे. तिने काय गाळले हे मला समजत असे, आणि गाळले हे मला समजले आहे, हे तिलाही समजत असे. आठवडाभराने मी तिला सांगितले की आता गरज नाही. दुसऱ्याच्या सवडीवर वाचणे मला जमले नाही. हा माझा दोष असेल. पण माणूस वाचतो तेव्हा तो कोणाचाही मिंधा नसतो, अशी माझी समजूत होती, आणि त्या वयात ती बदलण्याची माझी तयारी नव्हती.

आमच्या भागात एक सार्वजनिक ग्रंथालय आहे. ते शासनाच्या अनुदानावर चालते. तिथे संगणकावर वाचता येते असे कोणीतरी म्हणाले, म्हणून मी गेलो. नियतकालिकांच्या दालनामागे, पूर्वी जिथे मोडक्या खुर्च्या ठेवीत, तिथे दोन संगणक मांडले होते. मराठवाड्यातली जुनी मासिके, गावांचे इतिहास, नकाशे, बंद पडलेली साप्ताहिके, निजामी अमदानीतले पाण्याचे अहवाल, हे सारे पानापानाने टिपून त्यांत साठवलेले होते. अक्षर हवे तेवढे मोठे करता येई. तेही दिसेनासे झाले की यंत्र वाचून दाखवी. त्याशिवाय मराठीतली आणि उर्दूतली ध्वनिमुद्रित पुस्तके होती. त्यांची वर्गणी राज्य शासन भरत असे. वाचकाला काही द्यावे लागत नसे.

ग्रंथपाल बाई कंत्राटी नेमणुकीवर होत्या. त्यांनी मला संगणक शिकवला. कळा दिसत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पर्समधून टिकल्यांचे पाकीट काढले. थांबण्याच्या कळेवर एक टिकली लावली, पुढे जाण्याच्या कळेवर दोन.

"सर, बोट फिरवा. लागली का हाताला?"

"लागली."

"निघाली तर सांगा. माझ्याकडं भरपूर आहेत."

यंत्राचा आवाज सपाट होता. तो दुष्काळाचा अहवाल आणि प्रेमकथा एकाच स्वरात वाचीत असे. मला ती सोय वाटली. आवाजाने आधीच हळहळायचे ठरवले, तर ऐकणाऱ्याला काम उरत नाही.

दुसऱ्या संगणकावर एक गृहस्थ बसत. शहागंजात त्यांचे शिलाईचे दुकान होते. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, असे ते स्वतः सांगत, आणि मला ते खोटे वाटले नाही. साखरेने त्यांची दृष्टी गेली होती. माझ्यापेक्षा जास्त गेली होती. मी त्यांना मास्टर म्हणत असे, ते मला इंजिनेर साब.

म्हातारा माणूस कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसला की देवाधर्माचे काही ऐकत असणार, असे लोकांना वाटते. मास्टर उर्दूतल्या हेरकथा ऐकत. मधूनच ते मांडीवर थाप मारत आणि म्हणत, "मैं बोला था! वकीलच है!" मग बहुधा तो वकील नसे, कारण पुढे बराच वेळ ते गप्प राहत.

आमचे बोलणे मोजके होते. आल्यावर ते म्हणत, "आ गए?" मी म्हणे, "आलो." जाताना ते म्हणत, "चले?" मी म्हणे, "निघतो." मी काय ऐकतो हे त्यांनी विचारले नाही. त्यांचे घर कुठे आहे हे मी विचारले नाही. दोन माणसे एका बाकावर शेजारी बसून वेगवेगळी पुस्तके वाचतात, याहून अधिक सोबत मला कधी लागली नव्हती. ती तिथे मिळत होती.

एके दिवशी मी गेलो तेव्हा मास्टर हेडफोन हातात धरून बसले होते.

"साब, आवाज नहीं है."

मी माझा हेडफोन लावला. आवाज नव्हता. पडदा उजळला, पण त्यावर पाने येईनात. मी ग्रंथपाल बाईंना हाक मारली आणि म्हटले, "बंद पडले आहे."

त्या जवळ येऊन उभ्या राहिल्या. "बंद पडलं नाही, सर. बंद केलंय." डिजिटल साहित्यासाठीची तरतूद या वर्षी धरलेली नाही, असे वरून कळले होते. वर्गणी भरली गेली नाही. साठवलेल्या पानांचा सांभाळ करणाऱ्या कंपनीचे देणेही थांबले. ती पाने कुठेतरी होती, पण आमच्यापर्यंत येण्याची वाट बंद झाली होती.

मास्टर म्हणाले, "मेरा खून आधा हुआ है."

बाई दचकल्या. मी म्हटले, "पुस्तकातला."

"हौ, पुस्तक का. अरे मॅडम, सेठ मर गया, दरवाजा अंदर से बंद, और तुम्हारी सरकार ने लाइन काट दी. अब मेरेकू कौन बताएगा किसने मारा?"

बाई हसल्या. मग म्हणाल्या की आमच्या पातळीवर काही होत नाही. हे अर्थसंकल्पातले काम आहे. आमदारांनी सभागृहात मांडले तरच पुढे सरकेल.

रविवारी मी मुलाला ते सांगितले. तो म्हणाला, "बाबा, त्यात काय एवढं? मोबाईलवर घेऊन देतो." त्याने घेऊन दिलेही. त्यात यशस्वी कसे व्हावे याची पुस्तके होती आणि ती वाचणारा माणूस फार उत्साही होता. आमच्या भागातले एकही पान त्यात नव्हते. ते विकले जात नाही, म्हणून विकणारा ते ठेवत नाही. ते ठेवायचे तर शासनानेच ठेवले पाहिजे. मी मुलाला चांगले आहे म्हणून सांगितले. त्याने पैसे भरले होते.

मी निवेदन तयार केले. ग्रंथपाल बाईंनी ते माझ्या सांगण्यावरून उतरवून घेतले. मागणी एकच होती. डिजिटल साहित्याची तरतूद पूर्ववत करावी आणि ती दरवर्षीच्या आवर्ती खर्चात धरावी, म्हणजे प्रत्येक वर्षी नव्याने मागावी लागणार नाही.

आमदारांच्या संपर्क कार्यालयात सोमवारी लोकांना भेट मिळते. मास्टर आणि मी रिक्षाने गेलो. वाटेत मास्टरांनी रिक्षा थांबवली आणि एक पुष्पगुच्छ घेतला.

मी म्हटले, "हे कशाला?"

"खाली हात जाते क्या बडे आदमी के पास? बैठो आप."

आमच्याकडे ही रीत आहे. मागायला जाताना माणूस आधी सत्कार करतो. मी नोकरीत असताना माझ्याही टेबलावर असे गुच्छ पडत. ते मी शिपायाकडे देत असे आणि काम नियमाप्रमाणे करीत असे, त्यामुळे गुच्छाला स्वतःचे असे काही वजन असते, हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते.

कार्यालयात गर्दी होती. कोणाला रेशनकार्ड हवे होते, कोणाला बदली. आमचा नंबर आला तेव्हा आमदारांचे स्वीय सहायक म्हणाले, "काका, दोन मिनिटांत आटपा. पुढं लग्न आहे." मास्टरांनी अंदाजाने गुच्छ पुढे केला. आमदारांनी तो घेतला, आम्हा दोघांना दोन्ही बाजूंना ओढून घेतले, आणि कोणीतरी फोटो काढला. मला आमदारांचा डावा कान आणि मागच्या फ्लेक्सचा भगवा काठ दिसला.

"बोला काका, काय काम काढलं?"

मी म्हटले, "ग्रंथालयातले डिजिटल वाचन बंद झाले आहे. निवेदन आणले आहे."

त्यांनी कागद सहायकाकडे दिला. सहायकाने नजर फिरवली असावी. तो म्हणाला, "साहेब, वर्गणी मागतेत. आपल्या निधीतून वर्गणी बसत नाय. बांधकाम बसतं."

"मग खोली देऊ. ई-वाचन कक्ष. टाका नोंदीला. चालतंय ना काका? लई भारी खोली देतो, एसी लावून."

भोवतालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्टर म्हणाले, "शुक्रिया साहेब, बहुत शुक्रिया." मी म्हणालो, "साहेब, खोली आहे. खोलीत ऐकायला काही नाही." पण तोपर्यंत पुढचा माणूस वाकला होता आणि माझा आवाज मुळातच मोठा नाही.

दोन दिवसांनी ग्रंथपाल बाईंनी मला वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. ग्रंथालयास सुसज्ज ई-वाचन कक्ष मंजूर, ज्येष्ठ वाचकांकडून आमदारांचा सत्कार. खाली तो फोटो. मी कसा दिसतो, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "रागावल्यासारखे, सर. पण तुम्ही नेहमीच तसे दिसता."

त्यानंतर मी ज्या ज्या कार्यालयात गेलो, तिथे तो फोटो माझ्या आधी पोचलेला असे. एक अधिकारी म्हणाले, "तुमचं तर काम झालं ना? पेपरात आलंय." दुसऱ्यांनी माझे अभिनंदन केले. मी सांगे की आम्ही मागितले ते वेगळे होते. ते म्हणत, मग गुच्छ कसा दिला? रीतीप्रमाणे गुच्छ आधी दिला होता. फोटोत आधी आणि नंतर दिसत नाही.

मास्टर आणखी काही दिवस आले. बंद यंत्रासमोर बसून ते मला त्या खुनाविषयीचे आपले अंदाज सांगत. एक दिवस आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. ग्रंथपाल बाईंनी चौकशी केली. त्यांची मुलगी त्यांना वैजापूरला घेऊन गेली होती. एकटे घरी बसून काय करणार, असे तिचे म्हणणे पडले. त्यात चूक काही नव्हते.

मी रोज जेवण झाल्यावर जात राहिलो. कारण विशेष नव्हते. पाय तिकडे वळत, आणि घरात दुपार तशीच होती. कोणी "आ गए?" म्हणणारे नसल्याने आपण आलो की नाही, याविषयी मनात थोडी शंका राही.

मग खोलीच्या भूमिपूजनाचे निमंत्रण आले. ज्येष्ठ वाचक या नात्याने नारळ माझ्या हातून फोडायचा होता. ग्रंथालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत मंडप घातला होता. गुरुजी पाटावर बसले होते, कुदळीला हळदकुंकू लावले होते. नारळ माझ्या हातात दिला गेला. मी तो परत दिला.

"काका, फोडा की," आमदार म्हणाले.

"नाही."

गुरुजी म्हणाले, "मुहूर्त चाललाय हो."

"चालू द्या. साहेब, मला तुमच्याशी बोलायचे आहे. मागच्या वेळी दोन मिनिटे होती, ती फोटोत गेली."

आजूबाजूला कोणीतरी हसले. आमदारांनी मला दंडाला धरून मंडपाच्या कडेला नेले. मला वाटले, ते चिडले असतील. चिडले नव्हते. मी त्यांना सगळे सांगितले. मी सांगितले की खात्यात धरणाला पैसा मिळतो, शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या चारीतला गाळ काढायला मिळत नाही, कारण गाळाचे उद्घाटन करता येत नाही. इथेही तेच झाले आहे.

ते ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारले, "तिथं वाचायला येतेत किती जण?"

"दिवसभरात मिळून रोजचे तिघे-चौघे होते. आता मी एकटा."

"काका, राग मानू नका. तीन-चार माणसांसाठी मी सभागृहात उभा राहिलो तर लोक हसतील मला."

मी विचारले, "तुमची शेती कुठे?"

"पैठणकडं. का?"

"चारीच्या कोणत्या टोकाला?"

"टेलला. अगदी शेवटाला."

"पाणी पोचते?"

"पोचतं की. पाळी टेलपासून वर येती ना."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कालव्याचे पाणी सोडले की वरच्या शेतकऱ्याने आधी आपले दार उघडायचे नसते. पाणी थेट शेवटच्या शेतापर्यंत न्यायचे, त्याचे भिजले की त्याच्या वरच्याचे, असे करीत मुखाकडे यायचे. वरच्याला पाणी केव्हाही मिळते. शेवटच्याला नियम असेल तरच मिळते. हा नियम पाळून घेण्यासाठी मी अनेकांशी वाकडेपणा घेतला आहे.

मी म्हटले, "टेलला घरे किती?"

"असतील चार-पाच."

"चार-पाच घरांसाठी सगळी चारी भरून पाणी खाली का न्यायचे?"

ते मोठ्याने हसले. "काका, तुम्ही मास्तर होता का?"

"पाटबंधारे."

"व्हय, तरीच." आणि मग ते खालच्या आवाजात बोलू लागले. "मी प्रश्न लावतो. लावतो म्हणजे लावतो. पण अडचण ऐका. मी उभा राहिलो की मंत्री म्हणणार, सन्माननीय सदस्यांकडं तर ई-वाचन कक्ष मंजूर झालाय, वाचकांनी सत्कार केलाय. झालं. माझा प्रश्न तिथंच मेला. ही खोली असंपर्यंत तुमची मागणी पुरी झालेली आहे, कागदोपत्री."

"मग?"

"वाचकांनी लिहून द्यायचं, की खोली नको. मग माझ्या हातात काहीतरी राहील. पण नीट विचार करा. हा पैसा एकदा परत गेला की दुसऱ्या गावाच्या सभामंडपाला जाणार. आणि तरतूद होईलच, असं मी शब्द देत नाय. दोन्ही जाईल कदाचित."

मी संध्याकाळपर्यंत वेळ मागितला. त्यांनी दिला. "लोक जमलेत, कुदळ मारून घेतो," ते म्हणाले. "कामाचा आदेश थांबवतो." नारळ त्यांनीच फोडला.

लोक गेल्यावर ग्रंथपाल बाईंना मी विचारले. त्यांना ही गोष्ट विचारण्याचा मला अधिकार नव्हता, कारण त्यांचे उत्तर मला ठाऊक होते. पुस्तकांच्या दालनात गळती होती. पावसाळ्यात कपाटांवर प्लास्टिक टाकून त्या दिवस काढीत. नव्या खोलीत निदान जुनी पुस्तके हलवता आली असती.

त्या म्हणाल्या, "सर, खोली तर येऊ द्या. आज ना उद्या तिच्यात काही येईल. हातातलं कशाला सोडायचं?"

त्यांचे म्हणणे गैर नव्हते. मी म्हटले, "मास्टरांचा फोन लावून द्या."

त्यांनी नोंदीतून नंबर शोधून लावून दिला. इतक्या काळाच्या ओळखीत आम्ही फोनवर कधी बोललो नव्हतो.

"कौन?"

"पाटबंधारे."

"अरे साब! जिंदा हो?"

"आहे."

"मैं भी. यहाँ सब अच्छा है. बेटी है, नवासे हैं. टीवी चलता दिनभर. बोलते, अब्बा, दिखता नहीं तो सुनो. अरे, सुनने जैसा कुछ बोलें तो सुनूँ ना!"

मी त्यांना सर्व सांगितले. खोली घेतली तर काय, न घेतली तर काय. पलीकडे टीव्हीवर कोणीतरी भांडत होते.

"साब, हँगर बढिया है. कोट किधर है?"

"नाही."

"तो नक्को बोल दो."

"दोन्ही जाईल असेही होऊ शकते."

"हौ, समझा. मैं तो अब आता नहीं साब उधर. बेटी छोडती नहीं. मगर नक्को बोल दो."

ते परत येणार नाहीत, हे मला त्या वाक्यात कळले. मग तुम्हाला काय फरक पडतो, असे मी विचारले नाही. त्यांनीही माझ्याबद्दल काही विचारले नाही. मी म्हटले, "ठेवतो." ते म्हणाले, "चले?"

ग्रंथपाल बाईंना मी मजकूर सांगितला. वाचकांची मागणी बांधकामाची नव्हती व नाही. सदर कक्ष आम्हास नको. डिजिटल साहित्याची आवर्ती तरतूद पूर्ववत होईपर्यंत आमची मागणी अपूर्ण समजावी. त्यांनी तो लिहून घेतला. सहीच्या जागेवर माझे बोट नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी नेहमीचा चहा मागवला नाही. तिसऱ्या दिवशी मागवला.

मी एकटाच तो कागद घेऊन गेलो. आमदारांनी तो स्वतः वाचला. "अवघड काम केलंत काका," एवढेच म्हणाले. फोटो कोणी काढला नाही.

खोलीचा पैसा गेला. कुदळीने पडलेला खड्डा पहिल्या पावसानंतर आपोआप भरला. आमदारांनी शब्द पाळला. अधिवेशनात त्यांचा प्रश्न आला. शासनाचे उत्तर ग्रंथपाल बाईंनी मला वाचून दाखवले. बाब विचाराधीन असून पुढील अर्थसंकल्पाच्या वेळी निर्णय घेण्यात येईल. या वाक्याचा अर्थ होकार नव्हे आणि नकारही नव्हे, हे मी नोकरीत शिकलो आहे. अशी वाक्ये मी स्वतःही लिहिली आहेत.

तो अर्थसंकल्प अजून यायचा आहे. म्हणून हे लिहितो.

ज्यांच्या हाती ही तरतूद आहे, त्या सर्व सदस्यांना माझे सांगणे थोडके आहे. आम्ही थोडे आहोत, हे खरे आहे. आमच्यात कोणी डोळ्याने अधू आहे, कोणाचे गाव शहरापासून लांब आहे, कोणाला हवे असलेले पुस्तक कोणत्याही दुकानात नाही. इमारत एकदा बांधली की ती तुमच्या नावाने उभी राहते. वाचन तसे उभे राहत नाही. त्याला दरवर्षी पाणी सोडावे लागते, आणि ते शेवटच्या माणसापर्यंत पोचले की नाही, हे कोणीतरी चालत जाऊन पाहावे लागते. ते काम तुमचे आहे. बाजार ते करणार नाही, मुलगा परदेशातून ते करू शकणार नाही, आणि शेजारच्या सूनबाईंवर ते टाकणे योग्य नाही. यासाठी कोणी तुम्हाला गुच्छ देणार नाही. तरीही करावे, अशी विनंती आहे. मला विनंती करण्याची सवय नाही. शब्द कमी-अधिक झाले असल्यास समजून घ्यावे.

हा मजकूर मी कागदावर लोखंडी पट्टी धरून, तिच्या कडेने ओळ सरळ ठेवीत लिहिला आहे. एक ओळ झाली की पट्टी खाली सरकवतो. कुठे ओळीवर ओळ चढली असेल तर मला समजणार नाही. लिहिलेले मला परत वाचता येत नाही. ते आता तुम्ही वाचायचे आहे.